रानाचा वाटा

ढग झाडांच्या कुशीत झोपायला यायचे, तेव्हाची ही गोष्ट. त्या रानात एक रीत होती. कुणी गेलं की त्याच्या ढोलीतल्या साठ्याचा एक वाटा रानाला द्यायचा. म्हातारा धनेश पक्षी येऊन त्या बिया न्यायचा आणि मातीत पेरायचा.

झेली नावाच्या शेकरूचे बाबा गेले, तसा धनेश तिच्या ढोलीपाशी येऊन बसला.

"बाबांनी जन्मभर राबून जमवलंय हे," झेली फणकारली. "त्यांना जाऊन दोन दिवस होत नाहीत, तोच आलात वाटा मागायला?"

झेलीनं चांगल्या बिया मागे सारल्या आणि किडक्या, पोकळ तेवढ्या त्याच्यापुढे टाकल्या. त्यानं त्या मुकाट्यानं चोचीत भरल्या.

एवढ्यात धुकं विरळ होऊ लागलं. एकमेकींत गुंतलेल्या हिरव्या फांद्या दिसल्या आणि त्यांच्या मधोमध ती मोकळी जागा. तिथंच उडी पुरली नाही आणि बाबा खाली कोसळले होते.

"काका, सगळीकडे झाडं आहेत. मग तेवढ्याच जागी का नाही हो?"

धनेशनं बिया हलकेच खाली ठेवल्या.

"तुझे आजोबा गेले, तेव्हाचा वाटा मी तिथं पेरला होता. तुझ्या बाबांनी दिलेला. अशाच होत्या त्याही बिया."

झेलीनं त्या किडक्या बिया बाजूला सारल्या. मग ढोलीत शिरली आणि सगळ्यांत टपोऱ्या बिया घेऊन बाहेर आली.

"या तिथंच पेरा, काका," ती हळूच म्हणाली. "माझ्या पिल्लांचीही वाट तिथूनच जाते."