उघडी ठेवलेली खांड

फार फार मागची गोष्ट, समुद्राचं आणि जमिनीचं हद्दीवरचं भांडण अजून ताजं होतं तेव्हाची. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

खाडीच्या काठी एक गाव होतं. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि मधे मातीचा बांध. बांधाला भगदाड पडलं की त्याला गावात खांड म्हणत. खांड पडली की ढोल वाजायचा, घरटी एक माणूस चिखलाची टोपली घेऊन धावायचं, आणि पुढच्या भरतीआधी खांड बुजायची. त्यासाठी कुणी कुणाची परवानगी मागत नसे.

त्या गावात भिवरा नावाची विधवा राहायची. तिचं शेत बांधाला लागून, आणि शेताच्या कडेला गावाची एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर. लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. दोघींचं पोट त्या शेतावर.

एका वर्षी वादळ झालं. घरं पडली, गुरं वाहून गेली, बांधाला खांड पडली. ढोल वाजला, भिवरा टोपली घेऊन धावली, मागून गाव धावलं. पण गावाचा मुख्य मानकरी, गावकार, तो वाटेत आडवा उभा राहिला. राजानं मदत धाडली होती. आणखी येणार होती, पण अंमलदारांनी खांड डोळ्यांनी पाहिल्यावर. बुजवलेली खांड त्यांना कशी दाखवायची, असं तो म्हणाला. प्रत्येक घराला वाटा मिळेल, असंही म्हणाला.

लोकांनी टोपल्या खाली ठेवल्या. भिवरानंही ठेवली. घरात बाळंतीण होणार. चार पैसे तिलाही हवेच होते.

आलेल्या पैशातून आधी रस्ता झाला, अंमलदारांच्या मेण्याला धक्के बसू नयेत म्हणून. मग खांडीसमोर उंचावर मांडव झाला, त्यांना सावलीत बसून खांड पाहता यावी म्हणून. काम गावकाराच्या मेहुण्याला. अंमलदार आले, जेवले, हळहळले, गेले. पुन्हा पैसे आले, मांडवावर कौलं चढली. वाटा कुणाच्याच हातात पडला नाही, आणि दर भरतीला खांड रुंद होत गेली.

लोक चिडले नाहीत असं नाही. चुलीपुढं बसून त्यांनी गावकाराच्या सात पिढ्या उद्धरल्या. चावडीवर त्याच्यासमोर मात्र माना डोलावल्या. असल्या रागानं घरची भाकरी करपते, दुसरं काही होत नाही.

भिवराच्या शेतात मिठाचा पांढरा थर धरला तेव्हा ती चावडीवर गेली. खांड बुजवायला पैसे आले, मग चिखलाची एक टोपलीही तिथं का पडली नाही, असं तिनं भर बैठकीत विचारलं.

गावकार हसला. "वहिनी, जखम झाकली तर वैद्य औषध कशावर देणार?"

"आणि जखम उघडी ठेवून माणूस मेलं, तर वैद्य कुणाची नाडी धरणार, भावोजी?"

खाली मान घालून काही जण हसले. उठून तिच्या शेजारी उभं कुणी राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागताच भिवरा एकटीच चिखल टाकायला लागली. संध्याकाळी पाहते तर तिनं टाकलेला चिखल शेजारची शेवंता आणि तिचा नवरा उपसत होते.

"तुझं शेत कडेला, म्हणून तुझी घाई," शेवंता म्हणाली. "आमचा वाटा का बुडवतेस, भिवराबाय? अंमलदार चार दिवसांत यायचेत."

गावकारानं रोखलं असतं तर भिवरानं त्याच्या तोंडावर चिखल फेकला असता. शेवंतापुढं तिचा हात उचलला नाही.

अंमलदारांच्या आधी अमावास्येचं उधाण आलं. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, खांडीच्या दोन्ही कडा ढासळल्या आणि खाडी गावात शिरली. लोक मांडवात चढले म्हणून वाचले. ओहोटीला पाणी उतरल्यावर भिवरानं नुकत्याच बाळंत झालेल्या लेकीसाठी विहिरीचा पोहरा ओढला, घोट घेऊन पाहिला, आणि थुंकला. पाणी खारट झालं होतं.

अंमलदार चांगल्या रस्त्यानं वेळेवर आले. गावकारानं हात जोडून सांगितलं, आता नुकसान पूर्वीच्या दसपट आहे.

अंमलदारानं समोर शेतांवर पसरलेलं भरतीचं पाणी पाहिलं. "इथं शेत कुठं आहे? शेत नाही तर बांध कसला, आणि बांध नाही तर खांड कसली? हा आता समुद्र झाला. समुद्राला मदत द्यायची राजाची रीत नाही."

मेणा वळला. तेव्हा कुठे शेवंता रिकामी टोपली घेऊन भिवराकडे धावत आली आणि म्हणाली, चल, आता सगळे मिळून बुजवू.

"कुठं टाकतेस चिखल?" भिवरा म्हणाली. "कड दाखव मला."

कड उरलीच नव्हती. तान्ह्याला छातीशी धरून भिवरा लेकीसह त्याच रस्त्यानं निघाली, मागून एकेक घर निघालं. गावकारही त्यांच्यात होता, आणि वाटेत त्याला पाणी कुणी दिलं नाही.

मदतीच्या वाट्यासाठी जे गाव आपली खांड उघडी ठेवतं, त्याच्यापर्यंत मदत पोचते तेव्हा तिथं गाव नसतं.