काळ्या नदीची भिंत

"पाणी तेवढं निळं केलं तर तुमचं काय जातं, तात्या?"

हेरंबने पुन्हा विचारलं. तात्या चितारी भिंतीकडे तोंड करून बसले होते. 

घाटावरच्या देवळाची ती लांबलचक भिंत. तात्यांनी जन्मभर नदीच रंगवली होती. तिचे डोह, तिचे पाट, तिच्यात डुंबणाऱ्या म्हशी. गावातल्या निम्म्या दारांवर त्यांची नदी होती आणि सगळीकडे ती निळीशार होती. या भिंतीवर मात्र त्यांनी ती काळी काढली, आज वाहते तशी. देवळाच्या पंचांचं पित्त खवळलं. उद्या मोठे पाहुणे येणार होते. तोवर नदी निळी झाली नाही तर भिंतीला चुना फासू, असं पंचांनी बजावलं होतं.

हेरंब तात्यांचा शिष्य. शहरात शिकून पदक घेऊन आलेला, त्यामुळे स्वारी जरा हवेतच. पण या भिंतीवर त्याचा जीव होता. तात्यांची नजर अधू झाली होती. एवढं मोठं काम त्यांच्या हातून पुन्हा होणार नव्हतं. ते पुसलं जाऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. म्हणून तो निळ्या रंगाचा डबा घेऊनच आला होता.

"सरळ सांगा. हट्ट मोठा की चित्र?"

"चित्र."

"मग मी करतो निळं. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"कर की. कोन नको म्हनतंय?"

हेरंब गोंधळला. म्हातारा इतक्या सहज वाकेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने झाकण उघडलं, कुंचला बुडवला.

"आन् आचमन?" तात्या म्हणाले.

ही चिताऱ्यांच्या घरातली रीत. भिंतीवर पहिला हात मारण्याआधी, जे पाणी रंगवायचं त्याचं आचमन घ्यायचं. लहानपणी याच घाटावर हेरंबने ते कितीदा घेतलं होतं!

तो पायऱ्या उतरला. तळहातावर पाणी घेतलं. ओठांपाशी नेलं...

भपकारा थेट डोक्यात गेला. हात तिथेच थांबला. पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं. पदकवाला गडी चांगलाच वरमला.

"हे कुणाला पिता येईल, तात्या?" तो खालूनच ओरडला. "तुम्ही तरी घेतलं होतंत का?"

"घेतलं की. पोट धरून पडलो. उठलो, आन् काळी काढली."

हेरंबने ओला हात झटकला.

तो वर आला.  मग त्याने डब्याचं झाकण ठोकून बसवलं. त्याला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा रागच जास्त येत होता. पंचांचा, पाहुण्यांचा, आणि हा डबा उचलून इथवर आणणाऱ्या स्वतःचाही.

"तात्या, उद्या सकाळी चुना मारतील. काही म्हणजे काही उरणार नाही."

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी पांढऱ्या रंगाची करवंटी चाचपून उचलली.

"पान्यावरचा फेस ऱ्हायलाय अजून. शिडी धर."