त्रेसष्टवर थांबलेला डाव

एका राज्यात महाराणी महाराजांना हलक्या आवाजात म्हणाली, "येत्या पौर्णिमेला हेमांगीला उत्तर बुरुजावर नेऊन ठेवू. लोक शांत होतील. पोरीचं काय, तिला तसंही काही कळत नाही."

आवाज हलका होता, पण पडदाही हलकाच होता. पडद्याअलीकडे नवी सून वल्लरी विड्याची पाने पुसत बसली होती. लग्नाला महिना झालेला, युवराज सीमेवर गेलेले. सून बोलत नाही म्हणजे तिला ऐकूही येत नाही, असा राजवाड्याचा समज होता. वल्लरीने तो कधी खोडला नाही. त्यामुळे फार काही ऐकायला मिळे.

उत्तर बुरुजाला दार एकच होते आणि कडी बाहेरून.

हेमांगी ही राजाची धाकटी लेक. वय वर्षे नऊ, तरी नात्याने नणंद, म्हणून वल्लरी तिला 'वन्सं' म्हणे. वन्सं कुणाच्या तोंडाकडे बघत नसत, हाक मारली तर वळत नसत. पण रोज दुपारी येऊन वल्लरीच्या हिरव्या बांगड्या एकेक करून फिरवत. दोन्ही हातांच्या चोवीस फिरवून झाल्या की उठून जात. त्या घरात वल्लरीजवळ आपणहून येणारे तेवढे एकच माणूस होते.

लोकांचा राग असा होता. राजवाड्यामागे मुलांचे खेळाचे माळरान होते. वर्षामागे तिथे लपंडाव चालला असताना राजाची मिरवणूक नगारे वाजवत शेजारून गेली. तो आवाज हेमांगीच्या कानांत खिळ्यांसारखा शिरला. कान दाबून ती धावत सुटली ती थेट कमळतळ्याकडे. माळिणीने परकर धरला म्हणून वाचली. राजा घाबरला. त्याने मांत्रिक रुद्रंभटाला बोलावून माळाचे फाटक मंत्राने बंद करून घेतले.

फाटक बंद होताना बोलले, "ज्याच्यावर राज्य आहे, त्याचा हात लागेल तेव्हाच मी उघडेन."

त्या दिवसापासून राज्यात कुठेच खेळ होईना. चेंडू फेकला की हवेतच थबके. भोवरा आडवा पडे. मुले घरात बसून फिकी पडली, रात्र रात्र जागू लागली, दिवसभर भांडू लागली. राजाने फाटकाला हात लावून पाहिला. एकदा मुकुट घालून, एकदा सैन्यासह, एकदा उपाशीपोटी. फाटक हलले नाही. मग लोक म्हणू लागले, दोष त्या मुलीचाच.

पौर्णिमेला नऊ दिवस होते. वल्लरी फाटकाशी गेली. वर साळुंकी बसली होती.

"काय हवं?" साळुंकीने विचारले.

"फाटक उघडायला हवं."

"तीन गोष्टी आण. पडणाऱ्याला झेलणारी वाळू. आवाज गिळणारं आणि पाण्यापाशी अडवणारं कुंपण. आणि ज्याच्यावर राज्य आहे तो."

"तो तर येऊन गेला."

"मग तो नसेल," साळुंकी म्हणाली आणि पंख खाजवू लागली.

वल्लरी नदीवर गेली. झेलणारी वाळू म्हाताऱ्या कासवाच्या राखणीत होती. कासव म्हणाले, "मागणारे पुष्कळ येतात. वाळूवर भरवसा कुणाचाच नसतो. त्या दरडीवरून तीनदा उडी मार."

वल्लरीने नऊवारीचा काचा घट्ट केला आणि उडी मारली. पहिल्यांदा डोळे मिटून, दुसऱ्यांदा उघडे ठेवून, तिसऱ्यांदा गरज नसताना अंमळ जास्त उंचावरून. वाळूने तिला तिन्ही वेळा आईसारखे झेलले.

"शेवटची उडी कशाला एवढी?" कासवाने विचारले.

"बरं वाटलं," वल्लरी म्हणाली. कासवाने पोतेभर वाळू दिली.

वाळू घेऊन परतेपर्यंत दोन दिवस गेले. कुंपण रुद्रंभटाकडे होते. त्याने घराभोवती आवाज गिळणारे बांबू लावले होते, कारण शेजारी भांडी ठोकणारे तांबट राहत. तो म्हणाला, "कोंब देतो. बदल्यात सात दिवस बोलायचं नाही. पौर्णिमेला सूर्य माथ्यावर येईपर्यंत. शब्द निघाला तर कोंब वाळतील."

वल्लरीने लगेच मान हलवली. सासरी आल्यापासून ती दुसरे काय करत होती?

वाळू आणि कोंब तिने फाटकाशी ठेवले. तिसरी गोष्ट मात्र उमगेना. दिवस जात होते. बुरुज झाडून झाला. खिडकीला गज बसले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात आचारणीच्या दोन मुली शेंगा सोलता सोलता भांडत होत्या.

"चल खोटारडे! शेवटच्या डावात तुझ्यावर राज्य होतं!"

"माझ्यावर कुठलं? राज्य होतं हेमांगीताईवर. वडाला तोंड करून मोजत नव्हती का ती? तेवढ्यात नगारे आले."

वल्लरीच्या हातून शेंगांचे सूप खाली पडले. ती धावत वन्संच्या दालनात गेली. हेमांगी नेहमीसारखी खांबाला तोंड करून, डोळ्यांवर हात घेऊन उभी होती आणि नेहमीसारखे एकच पुटपुटत होती, "त्रेसष्ट. त्रेसष्ट." वर्षभर राजवैद्य त्याला भ्रम म्हणत होते. पोर बिचारी डाव सांभाळत होती.

हे सांगायचे कुणाला आणि कसे? तोंड उघडले की कोंब वाळणार. वल्लरीने रांगोळी घेतली आणि जमिनीवर ओळीने चार चित्रे काढली. फाटक. वाळू. बांबू. वड. हेमांगीने प्रत्येक चित्रावर बोट ठेवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून. मग वल्लरीच्या मनगटावरची एक बांगडी फिरवली. उद्या काय होणार, हे तिला वर्षात प्रथमच कुणीतरी आधी सांगितले होते.

पौर्णिमेची सकाळ झाली. पालखी आली, राजा आला, राणी आली, रुद्रंभट आला. पाहतात तो दालन रिकामे. वल्लरी नणंदेला घेऊन फाटकाशी उभी होती आणि गावातली मुले लांबून बघत होती.

"सूनबाई!" राणी ओरडली. "तिथंच पोर बुडत होती! तुम्हांला कळतं की नाही?"

नगारेवाल्याने सवयीने टिपऱ्या उचलल्या. वल्लरी सरळ त्याच्यापुढे गेली आणि टिपऱ्या त्याच्या हातून काढून घेऊन तिने कमरेला खोचल्या. नव्या सुनेने असे काही केल्याची नोंद त्या घराण्यात नव्हती.

हेमांगीने फाटकाला हात लावला. फाटक उघडले.

वाळू आपणहून वडाखाली आणि झोपाळ्यांखाली पसरली. कोंब कमळतळ्याभोवती धावले आणि पुरुषभर वाढून दाट उभे राहिले. एका कोपऱ्यात त्यांनी लहानसा आडोसाही केला. आत शिरले की बाहेरचा गलका ऐकू येत नसे. हेमांगी आधी त्या आडोशात जाऊन बसली. कुणी तिला ओढले नाही. मग बाहेर आली, ओंजळीतून वाळू सोडत राहिली, दोनदा झोपाळ्यावरून वाळूत पडली आणि दोन्हीदा हसली. मग वडाकडे गेली, डोळ्यांवर हात घेतले आणि मोठ्याने म्हणाली, "चौसष्ट!"

राज्यभर हवेत थबकलेले चेंडू खाली पडले. भोवरे उठून फिरू लागले. मुले खिदळत माळात शिरली आणि दिसेल त्या झाडामागे पळाली.

"पण राज्य तर माझं आहे!" राजा म्हणाला.

आचारणीची थोरली म्हणाली, "महाराज, राज्य ताईवर होतं. तुमच्यावर कधी आलं होतं का?"

राजाने आठवून पाहिले. "नाही," तो म्हणाला. "मला कुणी खेळायलाच घेतलं नाही."

राणी वडाकडे बघत राहिली. "म्हणजे हिला सगळं कळत होतं," ती म्हणाली आणि तिने पालखी परत पाठवली. बुरुजात त्याच दिवशी नगारे नेऊन ठेवले.

सूर्य माथ्यावर आला. राजा, राणी आणि मांत्रिक माळाच्या मधोमध कौतुकाने उभे होते. हेमांगीचे पंच्याण्णव झाले होते. वल्लरीने पदर खोचला आणि सासरी कुणी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"मामंजी, सासूबाई, बघत काय राहिलात? लपा!"