ठकूबाईचा झरोका

हिरडेवाडीच्या ओढ्यावर एक जुनी पाणचक्की आहे. चाक कधीच कुजून गेलं, दाराशी दगड रचून ते बंद केलेलं आहे, पण भिंती अजून ताठ उभ्या आहेत. पाहुणे बाहेरूनच फिरून बघतात. ओढ्याकडच्या भिंतीत कमरेइतक्या उंचीवर एक झरोका दिसतो. हात जाईल एवढाच, आणि मध्येच वळलेला, त्यामुळे आतल्याला बाहेरचं माणूस दिसत नाही. तो कशासाठी, असं विचारलं की गावातले कोंडिबातात्या ठकूबाईची गोष्ट सांगतात.

ठकूबाईचा नवरा चक्की चालवायचा. तो गेला आणि सगळं काम तिच्या अंगावर आलं. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला म्हणे. शेतं करपली, पण ओढा जिवंत झऱ्याचा, म्हणून चाक तेवढं फिरत राहिलं. धान्य होतं ते बहुतेक सगळं वरच्या गढीत. ते दळायला ठकूबाईकडे यायचं आणि पिठाची पोती गढीवर परत जायची. चिमूटभर पीठ बाहेर गेलं तर हात तोडीन, असा गढीच्या हैबतरावांचा हुकूम होता.

दळताना ठकूबाईला शेजारच्या घरांतलं पोरांचं रडणं ऐकू यायचं. तिनं प्रत्येक पोत्यामागे ओंजळभर पीठ काढून ठेवायला सुरुवात केली. पण न्यायला कुणी येईना. काल-परवापर्यंत ज्यांच्या ओसरीवर पंगती उठत होत्या, त्या बाया पदर कसा पसरणार? तेव्हा तिनं स्वतः पहार घेऊन भिंत फोडली आणि हा वाकडा झरोका केला. तिन्हीसांजेला बाहेरून हात आत यायचा, ती त्यावर पीठ ठेवायची. हात कुणाचा, हे तिनं कधी दारातून डोकावून पाहिलं नाही.

गोष्ट गढीवर पोचली. हैबतराव खाली उतरले.

"कोण कोण नेतं, ते सांग. तुला सोडतो."

ठकूबाई म्हणाली, "सरकार, मला नावं ठाऊक न्हाईत. मी नुसते हात बघितले."

"मग उद्या सकाळी तुझेच हात जातील."

सकाळी सारा गाव चक्कीशी जमला. दळणाचं पीठ उडून चक्कीच्या बाहेरच्या भिंतीवर त्याचा थर बसलेला होता. म्हातारी जनाक्का पुढे झाली, तिनं त्या भिंतीवर दोन्ही तळवे घासले आणि पांढरे हात हैबतरावांपुढे धरले. "म्या बी नेलंय," ती म्हणाली. तिच्यामागून पाटलीणबाई आल्या. त्यांच्या घरची कणगी भरलेली आहे, हे हैबतरावांना पक्कं माहीत होतं. मग एकेक करून सगळेच भिंतीशी गेले. शेवटी ठकूबाईवर पहाऱ्याला ठेवलेला शिपाईसुद्धा.

हैबतरावांनी त्या हातांवरून नजर फिरवली, ती आपल्याच शिपायाच्या पांढऱ्या हातांपाशी थांबली. त्यांच्या मनात काय आलं, ते कुणालाच कळलं नाही. "पोत्यामागे ओंजळभर पीठ गावाचं," एवढंच बोलून ते घोड्यावर बसले. ठकूबाई तिथंच मातीत खाली बसली आणि नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडली, म्हणे.

पुढे कधीतरी झरा आटला आणि चक्की थांबली. पण आजही नव्या ज्वारीचं पहिलं पीठ गावातल्या बाया त्या झरोक्यात ठेवतात आणि मागे न बघता घरी जातात. दुसऱ्या दिवशी झरोका रिकामा असतो. पीठ कोण नेतं, हे हिरडेवाडीत कुणी विचारत नाही.