भोपळ्याची गळणारी फुलं

झाडं-वेली माणसांशी बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. चंद्रभागाबाईंनी परसात भोपळ्याची बी लावली. वेल कुंपणापर्यंत पसरला, पिवळ्या फुलांनी भरून गेला. पण फुलं सकाळी उमलायची आणि गळून पडायची. फळ काही धरेना.

एक दिवस बाई खुरपं घेऊन आल्या. "बाबा, तुला काढून इथे वांगी लावते," त्या म्हणाल्या.

"लावा," वेल खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्याकडून काही होत नाही."

तेवढ्यात परागाने माखलेली मधमाशी एका फुलातून बाहेर आली. "बाई, थोडं थांबा. याची पहिली फुलं सगळी नर होती, त्यांना फळ धरत नाही. पण त्यांच्यामुळेच आम्हाला या परसाची वाट कळली. आता ते मोठं पान उचलून बघा."

पानाखाली एक कळी होती आणि तिच्या बुडाशी सुपारीएवढा हिरवा भोपळा.

"ही उद्या उमलेल," माशी म्हणाली. "आम्ही सगळ्या येऊ."

बाईंनी खुरप्याने वेलाच्या बुंध्याशी मातीची भर घातली. त्या हंगामात घरोघरी घारगे वाटूनही भोपळे उरले.

पुढे शेजारी काकडीचा वेल फुलला. तो रडवेला होऊन म्हणाला, "दादा, माझी फुलं गळताहेत."

"गळू देत," भोपळ्याचा वेल म्हणाला. "माश्यांना तुझं घर कळलंय."