चौथा लोड

सोनटेंभीचा राजा खंबीरराव भारी थाटाचा. त्याचा वाकनीस अंतोबा रोज सकाळी दरबारात गडावरची एकूण एक खबर पहिल्यापासून ऐकवी. काल तळ्याचा बांध फुटल्याची बातमी हत्तीघोड्यांची मोजदाद संपल्यावर आली, तोवर खालची वाडी पाण्यात गेली होती.

"महाराज, रोज बदललं असेल तेवढंच सांगू का?" अंतोबाने विचारलं.

"तुकडे भिकाऱ्याला! आम्हाला सगळं अथपासून इतिपर्यंत हवं. क्रम मोडलास तर कडेलोट!"

आज अंतोबा उभा राहिला, तर राजाच्या पाठीमागे काहीतरी वळवळताना दिसलं. त्याने शांतपणे घसा खाकरला.

"गडाचे दरवाजे तीन, कालच्यासारखेच. तोफा सात, कालच्यासारख्याच. महाराजांच्या मिशा, कालच्यासारख्याच."

राजाने मिशीला पीळ दिला.

"गादीवरचे लोड चार. त्यातले तीन कालच्यासारखेच."

"आणि चौथा?"

"त्यावर विंचू आहे, महाराज. मी बोलेपर्यंत आपल्या मानेपाशी पोचला."

राजा पगडी टाकून उडाला. "गाढवा, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

अंतोबाने लवून मुजरा केला. "महाराज, वाडीतली माणसंही काल गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून हेच विचारत होती."