देवी उतरते तो धोंडा

इथे उतरायचं, पाहुणे. तोंड वाकडं करू नका, बूट भिजले तर वाळतील. होडी आम्ही खांद्यावर घेतो, तुम्ही पायवाटेनं बंधाऱ्याखाली या. पुढचं पाणी संथ दिसतंय ना? तेच फसवं. बंधारा बुटका, पाणी माथ्यावरून वाहतं, त्यामुळे वरून येणाऱ्याला भिंत दिसतच नाही. म्हणून हा शेंदूर फासलेला उतारधोंडा.

बंधारा नवा होता तेव्हाची गोष्ट सांगतात. जाखाईची पालखी जत्रेला होडीतून खालच्या गावी जायची. आम्ही भोई. देवीला अर्ध्या वाटेत उतरवणं म्हणजे तिचा अपमान, अशी आमची समजूत. सुकाणूवर रावजी भोई होता. लोक काठावरून हाका मारत होते, तर तो म्हणाला म्हणे, "देवी बसलीया होडीत. भिताड काय करतंय?"

होडी बंधाऱ्यावरून सरळ खाली गेली. पडली तिथून पुढे वाहून जाईना. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं, पडलेलं पुन्हा भिंतीकडे ओढतं. रावजी वर यायचा, पुन्हा बुडायचा. त्याचा धाकटा भाऊ सिदू, अख्ख्या नदीत त्याच्यासारखा पोहणारा नव्हता. भावासाठी त्यानं उडी घेतली, आणि तो वर आलाच नाही.

काठावरचे बाकीचे भोई कासोटा खोचू लागले. तेव्हा रावजीची बायको येसाई त्यांच्या आडवी झाली. नवरा डोळ्यांदेखत बुडत होता, तरी ती म्हणाली, "आता कुनी उडी घ्यायची न्हाई! दोर आना!"

दोर फेकता फेकता तिनं देवीलाच बजावलं म्हणतात, "माझा धनी दे. मग दरसाल तुला हितंच उतरवीन. तुझा मान गेला तरी चालंल."

दोर रावजीच्या हाती लागला. काठावरून सगळ्यांनी मिळून त्याला ओढून काढलं. पालखी मागाहून त्या ओढीतून सुटली, पुढच्या वळणावर सापडली. सिदू मात्र देवीनं ठेवून घेतला. पुढच्या जत्रेला रावजीनं याच धोंड्यापाशी होडी लावली आणि स्वतःच्या हातांनी देवीला खाली घेतलं. रडत होता म्हणे.

आजही जत्रेत देवी इथं उतरते, येसाईच्या घरची सून तिला डोक्यावर घेऊन काठानं चालते, आणि रिकामी होडी भोयांच्या खांद्यावरून जाते. त्या करंजाला टांगलेला दोर दिसतोय? दर जत्रेला नवा वाहतात. त्याचं नाव सिदू. आजही कुणी पाण्यात पडलं, तर काठावर एकच ओरड उठते, "सिदूला टाका!" उडी कुणी घेत नाही.